सुभेदारांचा सिक रिपोर्ट

"नाव?"

हा प्रश्न खरं तर मी विचारायचा होता. फॉर्म माझ्या हातात, पेन माझ्या हातात, ओळखपत्र माझ्या गळ्यात. पण फाटकापाशी उभा असलेला तो ताठ म्हातारा माझ्या आधी बोलला, आणि मी छडीपुढं उभी राहिल्यासारखी नवऱ्याच्या नावासकट पूर्ण नाव सांगून मोकळी झाले.

"गाव?"

"आजरा. जिल्हा कोल्हापूर."

"एवढ्या लांबून आमचं रक्त काढाले आली?"

"नाही, म्हणजे, आमचे हे इकडं रस्त्याच्या कामावर रोलर चालवतात. बुलढाण्यात खोली घेतलीय."

"बरं. आजपासून तुह्यं नाव कोल्हापूर. सात मिनटं लेट हायेस, कोल्हापूर."

एस.टी.च उशिरा आली होती, पण ते सांगायचं धाडस मला झालं नाही. पुढच्या खेपेपासून मी आधीची गाडी पकडून देऊळघाटला उतरायला लागले आणि सुभेदारांच्या वस्तीकडं जाण्याआधी स्टँडवर चाळीस मिनिटं बसून राहायला लागले. त्यांना हे कुणीतरी सांगितलं असावं. "वेळेच्या आधी पोचून लपून बसणं," ते म्हणाले, "हे फौजी लक्षण हाय."

सुभेदार हिवाळे. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढून घरी आलेले. माणसाला त्याच्या नावानं हाक मारायची असते हे त्यांना मान्यच नव्हतं. पलटणीत एकाच नावाचे सहा-सहा जण असायचे म्हणून ज्याला त्याला मुलखाच्या नावानं बोलवायची सवय लागलेली, ती गावातही सुटली नाही. किराणावाला राजस्थान होता. शाळेचे मास्तर चिखली होते. खुद्द वच्छलाकाकू, त्यांच्या लग्नाच्या बायको, माहेरच्या मेहकरच्या, तर चाळीस वर्षं त्या घरात "मेहकर, चहा!" अशीच ऑर्डर सुटत होती. काकूही काही कमी नव्हत्या. "मेहकरनं चूल इझवली, आता उद्या," असं आतून उत्तर यायचं. दारातल्या कुत्र्याचा मूळ मुलूख कळला नव्हता, म्हणून त्याला नुसतं 'जवान' म्हणत.

माझं काम काय होतं ते सांगते. शहरातल्या एका मेडिकल कॉलेजातल्या डॉक्टर मॅडमनी माजी सैनिकांचा अभ्यास हाती घेतला होता. शुगर, बीपी, दमा असले जन्माला पुरणारे आजार या माणसांना असतात. त्यांच्यासाठी दवाखाना आहे, औषधंही मिळतात. पण दवाखाना लांब, नंबर मोठा, आणि महिन्याची औषधं एकदा पिशवीत घालून माणूस घरी गेला की पुढं त्याचं काय होतं ते कुणाला कळत नाही. तर दर पंधरा दिवसांनी कुणी घरी जाऊन तपासलं, चार शब्द बोललं, तर काही फरक पडतो का, एवढं बघायचं होतं. ते 'कुणी' म्हणजे मी.

माझी शाळा नववीतच सुटलेली. बुलढाण्यात एका खासगी दवाखान्यात झाडूपोछा करता करता बीपी बघायला शिकले, मशीनवर शुगर बघायला शिकले. तिथल्या डॉक्टरांनी नाव सुचवलं. मॅडमनी मला घेताना सांगितलं, "शिकलेल्या पुष्कळ येतात. मला खरं लिहिणारी हवी." तेवढ्या वाक्यावर मी घरी जाऊन रडले होते. पण त्याच वाक्यानं मला भीतीही घातली. कागदात कधी काही खोटं निघालं, तर पहिलं बोट माझ्याकडं जाणार हे मला स्वच्छ दिसत होतं. बाकीच्यांना म्हणायला डिग्री होती. माझ्याकडं फक्त ते वाक्य होतं.

सुभेदारांच्या वस्तीत माझ्या यादीतले अकरा फौजी होते. अकरा घरं फिरायची असं मॅडमनी शिकवलेलं. पहिल्याच दिवशी सुभेदारांनी ते रद्द केलं. समाजमंदिराच्या ओट्यावर अकराही जण हुद्द्याप्रमाणं रांगेत उभे, दाढ्या घोटलेल्या, डाव्या हाताच्या बाह्या दुमडलेल्या. मी घाबरत म्हणाले, "साहेब, बीपी बघताना माणसानं सैल बसायचं असतं. मन शांत ठेवून."

"ऐकलं काय बे?" सुभेदार गरजले. "शांत बसा! एकदम शांत!"

अकराही जणांचं बीपी तिथल्या तिथं चढलं. पाण्याचे ग्लास फिरवून, त्यांना सुभेदारांच्या नजरेआड, समाजमंदिराच्या मागं एकेकटं नेऊन मी ते कसंबसं उतरवलं.

फॉर्मवर एक प्रश्न होता, गेल्या पंधरा दिवसांत मन उदास वाटलं का. मी तो शिपाई शेषरावांना विचारला. शेषराव बिचारे आभाळाकडं बघून विचार करायला लागले.

"नाई," मागून सुभेदारांचा आवाज आला. "पुढचा सवाल घे."

"त्यांना बोलू द्या ना, साहेब."

"तो इचार करून राह्यला म्हणजे नाईच समज. उदास माणसाले इचार करा लागत नाई."

शेषराव पुटपुटले, पायाला मुंग्या येतात, असं. सुभेदारांनी त्यांच्याकडं नुसतं पाहिलं. शेषराव म्हणाले, "येत होत्या. आता गेल्या."

या नजरेमागचा कायदा मला पुढं कळला. फौजेत जवान आजारी पडला की सकाळी 'सिक रिपोर्ट' द्यायचा असतो, म्हणजे मी आजारी आहे असं जाहीर सांगून डॉक्टरकडं जायचं. सुभेदारांच्या काळात त्यांच्या तुकडीत, सिक रिपोर्ट देणारा म्हणजे कामचोर असं सगळे धरून चालत. परेड चुकवायची असेल त्याचं पोट दुखतं. सुभेदारांनी अठ्ठावीस वर्षांत एकदाही सिक रिपोर्ट दिला नव्हता. हे ते कुणालाही, कधीही, न विचारता सांगत. एकदा ताप असताना बर्फात पहारा केला, एकदा दाढ उपटून घेऊन लगेच कूच केलं. "दाढ तिथं राह्यली, मी पुढं गेलो," ते म्हणायचे.

ओट्यावर तपासून झालं की गोळ्या बघायला मी घरोघर जायची, आणि त्यांच्या घरी जे बघितलं ते मात्र त्याआधी कुठल्या रोग्याच्या घरी बघितलं नव्हतं. औषधं दाखवा म्हटलं की ते खाटेवर पांढरी चादर अंथरायचे. सुरकुती काढायचे. मग लोखंडी ट्रंकेतून गोळ्यांची पाकिटं काढून दोन बोटांच्या अंतरानं एका ओळीत मांडायचे; शुगरची वर, बीपीची खाली, कोलेस्ट्रॉलची कोपऱ्यात. बाजूला मशीनच्या पट्ट्या, नखं कापायचं यंत्र आणि घडी घातलेला रुमाल. रुमाल कशाला ते मी विचारलं नाही. फौजेत मुआयना, म्हणजे साहेबाची तपासणी, असला की जवान आपलं सगळं सामान असंच मांडतो म्हणे. इतर दहा घरांतही हेच. मी भारावून गेले. फॉर्मच्या 'शेरा' रकान्यात अकराही जणांच्या नावापुढं लिहिलं, 'औषधे अत्यंत शिस्तीत ठेवतात.'

आणि आकडे! आकडे बघून तर मॅडमनी मला फोन केला. उपाशीपोटी शुगर सगळ्यांची शंभर-सव्वाशेच्या घरात. "सुनंदाताई, तुम्ही काय जादू केलीत?" मी लाजले. जादू माझीच आहे असं मलाही वाटायला लागलं होतं, खोटं कशाला बोलू.

एकच गोष्ट जुळत नव्हती, ती म्हणजे बुंदी. वस्तीतल्या एका लग्नाचं आवतण मलाही होतं. जाऊन बघते तर सुभेदार स्वयंपाकाच्या मांडवात, आचाऱ्याच्या शेजारी, हातात वाटी. मला बघून ते जराही दचकले नाहीत.

"जवानाच्या आधी साहेबानं चाखाचं असते," त्यांनी समजावलं. "अन्नात काई गडबड असली तं आधी साहेब मरते."

"पण ही तिसरी वाटी हाय," वच्छलाकाकू मागून म्हणाल्या.

"पहिल्या दोनीत मले शंका होती."

दुसऱ्या दिवशी माझी फेरी नव्हती, नऊ दिवसांनी होती. नऊ दिवसांनी त्यांची शुगर एकशे आठ. मी मनात म्हटलं, लोखंडाचा देह आहे.

त्या लोखंडी देहानं माझ्यासाठी एक काम केलं, ते मी विसरणार नाही. फॉर्मवर चौकोनांची छापील नावं इंग्रजीत होती. मला ती वाचता येत नसत. मी जागा पाठ केल्या होत्या, तिसऱ्या ओळीतला दुसरा चौकोन म्हणजे बीपीचा वरचा आकडा, असं. एकदा मॅडमनी फॉर्म बदलून पाठवला आणि चौकोन हलले. मी ओट्यावर बसून पेनाचं टोपण काढत होते, घालत होते. सुभेदार माझ्याकडं बघत होते. त्यांनी बाकीच्यांना पाणी प्यायला पाठवलं, स्वतः शेजारी बसले आणि समोर बघतच म्हणाले, "लिव्ह, कोल्हापूर. पहिला चौकोन, तारीख. दुसरा, वजन. तिसरा, वरचं बीपी." एकेक करत सगळे सांगितले. मी पुठ्ठ्यावर मराठीत उतरवून घेतलं. शेवटी ते म्हणाले, "नकाशा सगळ्यायले शिकवा लागते. मले भी शिकोला होता कोणीतरी." आणि लगेच ओरडले, "पाणी पेऊन राह्यले का विहीर खांदून राह्यले बे?"

तीन महिने झाले. अभ्यासाच्या नियमाप्रमाणं सगळ्यांचं रक्त प्रयोगशाळेत गेलं. शुगरची एक तपासणी असते, ती त्या दिवसाची शुगर दाखवत नाही, मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते. काल उपास केलात म्हणून ती फसत नाही. आठवड्यानं मॅडमचा फोन आला. या वेळी आवाज वेगळा होता.

"तुमच्या फॉर्मवर सगळं उत्तम आहे. रक्तात अकरापैकी नऊ जणांची अवस्था वाईट आहे. सुभेदारांची सगळ्यात वाईट. मी तुम्हाला एकदाच विचारते, तुम्ही तिथं जात होता ना?"

"जात होते, मॅडम."

"की फॉर्म घरी बसून भरलेत?"

मॅडम म्हणाल्या, गुरुवारी मी स्वतः येते, सगळ्यांसमोर बघू. खोटं निघालं तर काम थांबवावं लागेल.

हे रोलरवर होते. रात्री आल्यावर सांगितलं तर म्हणाले, "तू जात होतीस ना? मग झालं." रोलर चालवणाऱ्या माणसाला सगळं सपाट दिसतं.

गुरुवारी, माझ्या नेहमीच्या फेरीच्याच दिवशी, मॅडम आल्या. मी ठरवलं होतं, कुणालाच काही सांगायचं नाही. सांगितलं तर पढवून आणल्यासारखं दिसेल. ओट्यावर अकरा जण रांगेत. मॅडमनी विचारलं, "या बाई दर पंधरा दिवसांनी येत होत्या?"

"हाव!" अकरा आवाज एकदम.

"बोटातून रक्त काढून शुगर बघत होत्या?"

"हाव!"

"गोळ्या रोज घेता?"

"हाव!"

"तब्येत?"

"सब ठीक!"

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मला कळला. इतकं एकसुरात कुणी खरं बोलतं का? माझ्या बाजूनं दिलेल्या प्रत्येक 'हाव'नं माझं काम आणखी खड्ड्यात चाललं होतं. शेवटी मॅडम म्हणाल्या, "औषधं दाखवा."

सुभेदारांच्या घरी चादर अंथरली गेली. पाकिटं मांडली गेली. मॅडमनी एक उचललं, उलटं केलं, दुसरं उचललं. जवळजवळ सगळी भरलेली. प्रत्येक औषधाच्या डझनभरच गोळ्या फोडलेल्या, बाकी पाकिटं जशीच्या तशी. तीन महिने मी त्या भरलेल्या पाकिटांकडं बघून 'शिस्त' लिहीत होते. गोळी खाल्ली की पाकीट रिकामं होतं, हे समजायला नववीसुद्धा लागत नाही.

"सुभेदारसाहेब," मॅडम म्हणाल्या, "गोळ्या मांडायच्या नसतात. खायच्या असतात."

"खाल्ल्या तं कमी भरतीन ना मॅडम," शेषराव दारातून कळवळून म्हणाले. "मुआयन्यात काय दाखवाचं?"

मॅडमना आधी काही कळेना. मग त्यांनी खोदून विचारलं, तेव्हा सगळं बाहेर आलं. माझी फेरी दर दुसऱ्या गुरुवारी, हे ठरलेलं. दोन दिवस आधी सुभेदार वस्तीत हुकूम काढायचे, परवा मुआयना! गोड बंद, रात्री अर्धी भाकर, पहाटे नदीपर्यंत चालणं, आणि गोळ्या त्या दोनच दिवस, वेळेवर. गुरुवारी मी यायची, आकडा बघून खूश व्हायची, आणि एस.टी. वळणाआड गेली की अकराही जण चहाला बसायचे. पुढचे बारा दिवस गोळ्या ट्रंकेत, नवीन, मोजून.

"पण का?" मॅडमनी विचारलं. "या बाई तुमची परीक्षा घ्यायला येत नव्हत्या. तुम्हाला बरं वाटावं म्हणून येत होत्या."

सुभेदार भिंतीकडं बघत उभे होते. मला वाटलं, आता ते 'सब ठीक' म्हणणार. तेवढं म्हणाले असते तर त्यांची अठ्ठावीस वर्षं शाबूत राहिली असती आणि मी संध्याकाळच्या एस.टी.नं मशीन परत द्यायला निघाले असते. वच्छलाकाकू दाराला टेकून उभ्या होत्या. त्या पहिल्यांदाच हळू आवाजात बोलल्या. "सांगा ना. पोरीची रोजी हाय."

सुभेदारांनी शर्ट खाली ओढून नीट केला. टाचा जुळवल्या. आपला नंबर, हुद्दा, नाव सांगितलं. मग म्हणाले, "तिनं लिव्हलं ते खरं हाय, मॅडम. आमी दाखोलं ते खोटं. हुकूम माह्या होता. अन्," इथं ते थांबले, "सिक रिपोर्ट."

ते खाटेवर बसले, चादरीवरच, आणि सुरकुत्या पडल्या. डाव्या पायाचा बूट काढला, मोजा काढला. अंगठ्याशेजारच्या बोटाखाली जखम होती, काळी पडलेली. किती दिवस झाले, मॅडमनी विचारलं. "दीड महिना." दुखत नाही? "काईच लागत नाई. म्हणून तं वाटलं, हायच नाई."

दीड महिन्यात मी तीन वेळा येऊन गेले होते. पाय बघा, असं फॉर्मवर होतं. मी दरवेळी म्हणायची, साहेब, बूट काढता का? ते म्हणायचे, ड्यूटीवर बूट निघत नाई. मी हसून पुढं जायची. हे मी मॅडमना तिथंच सांगितलं. सांगताना वाटलं, आता गेलंच काम. मॅडम म्हणाल्या, "शेरा रकान्यात हेच लिहा. जसं सांगितलंत तसं." काम राहिलं.

शेषरावांचं मात्र फावलं. सुभेदार बुटाविना बसलेले बघून त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "मॅडम, माह्या भी पायाले मुंग्या येतेत. चार वर्षं झाली." मग ज्याला त्याला काहीतरी व्हायला लागलं. कुणाला चक्कर, कुणाला रात्री पाच वेळा उठायला लागतं, कुणाला खरोखरच उदास वाटत होतं. माझे फॉर्म पुरेनात. "पाहा," सुभेदार पाय वर धरून खिन्नपणे म्हणाले, "म्हणूनच मी कोणालेच पयला रिपोर्ट देऊ देत नोतो." आणि मॅडमना त्यांनी एक सल्लाही दिला, "हिले सांगून पाठवत जाऊ नका. तारीख ठरली की आमी तयारी करतोच, आमचा इलाज नाई. हिनं कधी भी यावं. आमी चहा पेत असताना." अभ्यासाचा तो नियम त्यानंतर बदलला.

सुभेदारांना फौजेच्या मोठ्या दवाखान्यात पाठवायचं ठरलं. नांदुऱ्याहून दुपारची रेल्वेगाडी. त्याच महिन्यात आमच्या ठेकेदाराचं काम सोलापूरकडं हललं, माझ्या घरांची यादी दुसऱ्या मुलीकडं गेली, आणि त्या दुपारनंतर मी सुभेदारांना पुन्हा भेटले नाही. बोट काढावं लागलं, पाय वाचला, हे वच्छलाकाकूंनी फोनवर सांगितलं. वॉर्डातल्या सगळ्या पेशंटांना ते जिल्ह्याच्या नावानं हाका मारतात, नर्सबाईला केरळ म्हणतात, हेही सांगितलं.

नांदुऱ्याला मी सोडायला गेले होते. गाडी दोन मिनिटं थांबते. काकूंनी पिशव्या चढवल्या, शेषरावांनी सुभेदारांना हात देऊ केला, तो त्यांनी झटकला आणि मग दांडी सापडेना म्हणून परत घेतला. खिडकीशी बसल्या बसल्या त्यांनी मॅडमनी दिलेलं नवीन मशीन काढलं. समोरच्या सीटवर एक कुटुंब डबा उघडून बसलं होतं. सुभेदारांनी त्यांच्या देखत बोटाला सुई टोचली, थेंब पट्टीला लावला, आणि गाडी हलली.

मी खिडकीबरोबर चालायला लागले. "राहू द्या साहेब, फोनवर सांगा!"

"फोनवर काऊन? हे काय, येऊनच राह्यला!" ते मशीन डोळ्यांपासून लांब धरून, भुवया आखडून बघत होते. गाडीनं वेग धरला. माझी चाल संपली, फलाट संपत आला. मग खिडकीतून त्यांचं अर्धं अंग बाहेर आलं, मागून काकूंनी सदरा ओढून धरलेला, आणि अख्ख्या फलाटाला ऐकू जाईल असा परेडचा आवाज आला:

"तीनशे बारा! लिव्ह! तीनशे बारा, एक भी कमी नाई!"